कोल्हापूर ते नांदेड विमानाने: अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

कोल्हापूरहून नांदेडला विमानाने किती वेळ लागतो, असा प्रश्न इंटरनेटवर टाकला की लगेच एक आकडा समोर येतो. कुठे पाऊण तास, कुठे सव्वा तास, तर कुठे चक्क सात तास असतात. हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण प्रत्येक ठिकाणी मोजलेली गोष्ट वेगळी असते. माझी धाकटी बहीण नांदेडला दिली आहे आणि गेली कित्येक वर्षे या दोन शहरांमध्ये आमचे येणे-जाणे आहे. त्या येण्या-जाण्यात मी एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे लहान विमानतळांच्या बाबतीत तयार आकड्यावर विसंबण्यापेक्षा हिशेब स्वतः मांडावा. त्याला कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरेसा होतो. या लेखात कोल्हापूर-नांदेड ही जोडी धरून तो हिशेब पायरी-पायरीने केला आहे. आकडे बदलले की तीच रीत जळगाव-सिंधुदुर्ग किंवा नाशिक-गोंदिया अशा कोणत्याही जोडीला लावता येईल.

सुरुवातीलाच चार प्रकारच्या वेळा वेगवेगळ्या असतात हे मनात पक्के करावे. विमान जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ ही पहिली. विमान उभे असलेल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा वेळ ही दुसरी, आणि तिकिटावर छापलेली असते ती हीच. हिला ब्लॉक टाइम म्हणतात. मध्ये विमान बदलायचे असेल तर पहिल्या उड्डाणापासून शेवटच्या उतरण्यापर्यंतची वेळ ही तिसरी. आणि आपल्या घराच्या उंबऱ्यापासून पाहुण्यांच्या उंबऱ्यापर्यंतची ही चौथी. प्रवासाला खरी उपयोगी पडते ती चौथी, पण तिथे पोहोचायला पहिल्या तिन्हींतून जावे लागते.

पहिली पायरी: नेमके कोणते दोन बिंदू?

अंतर शहरांमधले नव्हे, तर विमानतळांमधले मोजायचे असते. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे. १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात तो सुरू झाला आणि आज त्यांचेच नाव त्याला आहे. नांदेडचा विमानतळ श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावाने ओळखला जातो. तिकीट काढताना आणि नकाशावर शोधताना तीन अक्षरी संकेत वापरावेत: कोल्हापूरसाठी केएलएच आणि नांदेडसाठी एनडीसी. संकेत वापरल्याने एकाच नावाच्या दोन गावांचा घोळ टळतो. औरंगाबाद बिहारातही आहे आणि हैदराबाद सिंधमध्येही आहे, त्यामुळे नुसते नाव टाकल्यावर भलतेच अंतर येण्याचा संभव असतो.

कोल्हापूर विमानतळाचे स्थान १६ अंश ३९ मिनिटे ५३ सेकंद उत्तर अक्षांश आणि ७४ अंश १७ मिनिटे २२ सेकंद पूर्व रेखांश असे आहे. नांदेडचे स्थान १९ अंश ११ मिनिटे उत्तर आणि ७७ अंश १९ मिनिटे पूर्व असे आहे. इथे हमखास होणारी एक चूक सांगतो. पुष्कळ जण १६ अंश ३९ मिनिटे हे सरळ १६.३९ असे लिहितात. मिनिटे ही साठाव्या भागाची असतात, शंभराव्या भागाची नव्हे. म्हणून ३९ ला ६० ने आणि ५३ ला ३६०० ने भागून दोन्ही उत्तरे १६ मध्ये मिळवायची, म्हणजे १६.६६ मिळतात. १६.३९ लिहिले तर कोल्हापूर आपल्या जागेवरून तीस किलोमीटर दक्षिणेला सरकते, आणि सव्वाचारशे किलोमीटरच्या हिशेबात तीस किलोमीटर हा काही लहान फरक नाही.

या रीतीने कोल्हापूर १६.६६ आणि ७४.२९, तर नांदेड १९.१८ आणि ७७.३२ असे चार आकडे हाती येतात.

दुसरी पायरी: सरळ अंतर

पृथ्वी गोल आहे, म्हणून दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर हे गोलाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या मोठ्या वर्तुळाच्या कमानीवर मोजतात. कोल्हापूर-लंडन असा हिशेब असता तर त्यासाठी त्रिकोणमितीचे पूर्ण सूत्र लागले असते. पाचशे किलोमीटरच्या आतल्या जोडीसाठी मात्र शाळेतले पायथागोरसचे प्रमेय पुरते. त्यातून येणारी चूक किलोमीटरभराच्या आसपास राहते.

दोन्ही अक्षांशांतला फरक २.५२ अंश आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा असतो, म्हणून उत्तरेकडचे अंतर २८० किलोमीटर झाले. रेखांशांतला फरक ३.०३ अंश आहे. पण रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे त्यांचा एक अंश सगळीकडे सारखा नसतो. दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाची, म्हणजे इथे १७.९२ अंशाची, कोसाइन काढायची. ती ०.९५१५ येते. तिला १११.२ ने गुणले की आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०५.८ किलोमीटरचा असल्याचे कळते. त्यावरून पूर्वेकडचे अंतर साधारण ३२१ किलोमीटर झाले. आता दोन्हींचे वर्ग करून बेरीज करावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. उत्तर ४२६ किलोमीटर येते.

हाच आकडा मैलांत २६५ होतो आणि सागरी मैलांत २३० होतो. विमानचालनात सागरी मैल वापरतात आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळांवर हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी दिलेले असतात. त्यातला ‘मैल’ कोणता हे न पाहताच लोक विमानाच्या नॉटमधल्या, म्हणजे ताशी सागरी मैलांतल्या, वेगाने भागाकार करतात आणि उत्तर चुकते. सागरी मैलाला नॉटने भागावे आणि किलोमीटरला ताशी किलोमीटरने भागावे, हे पथ्य पाळले की गोंधळ होत नाही.

पडताळणीसाठी गुगल मॅप्समध्ये कोल्हापूर विमानतळाच्या धावपट्टीवर बोट दाबून धरावे, अंतर मोजण्याचा पर्याय निवडावा आणि दुसरे टोक नांदेडच्या धावपट्टीवर ठेवावे. ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन संकेत टाकले तरी हेच काम होते. आपले उत्तर आणि त्यांचे उत्तर यांत दोन-तीन किलोमीटरहून अधिक फरक पडला, तर पहिल्या पायरीवर परत जाऊन मिनिटांचे दशांश तपासावेत.

नकाशावर ही रेघ ओढून एकदा नीट पाहण्यासारखी आहे. कोल्हापूरहून ईशान्येला निघालेली ही रेघ सांगलीच्या अगदी जवळून जाते. पुढे पंढरपूर तिच्या डाव्या हाताला राहते, तुळजापूर उजव्या हाताला राहते, लातूरही उजवीकडेच राहते आणि मग गोदाकाठचे नांदेड येते. अंबाबाईच्या गावाहून निघून विठोबा आणि भवानीच्या मधून हजूर साहिबपर्यंत गेलेली ही रेघ आईला दाखवली, तेव्हा तिने नकळत हात जोडले होते. या रेघेचा व्यवहारातला अर्थही मोठा आहे. सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड हा रस्ता जवळजवळ याच रेघेच्या बाजूने जातो. म्हणूनच रस्त्याचे अंतर पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटरच भरते, म्हणजे हवाई अंतरापेक्षा फार जास्त नाही. घाट, खाडी किंवा डोंगररांग आडवी असलेल्या जोडीत विमानाची बचत मोठी असते. इथे ती फारशी नाही. ही गोष्ट पुढे थांबा घेऊन जाणाऱ्या विमानांचा विचार करताना निर्णायक ठरते.

तिसरी पायरी: विमान सरळ रेघेवरून जात नाही

४२६ किलोमीटर हे अंतर कागदावरचे आहे. प्रत्यक्षात विमानाला ठरलेल्या हवाई मार्गांवरून आणि ठरलेल्या बिंदूंवरून जावे लागते, संरक्षण दलांची राखीव क्षेत्रे टाळावी लागतात आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धावपट्टीच्या दिशेनेच उडावे आणि उतरावे लागते. प्रवाशांच्या सहसा लक्षात न येणारी ही शेवटची बाब थोडी विस्ताराने सांगतो.

धावपट्टीच्या टोकांवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत दोन अंक रंगवलेले असतात. त्या अंकापुढे शून्य लावले की होकायंत्रावरची दिशा मिळते. कोल्हापूरची धावपट्टी ०७ आणि २५ अशी आहे. म्हणजे एका बाजूने उडाले तर विमान ७० अंशाला, पूर्व-ईशान्येकडे तोंड करून असते, आणि दुसऱ्या बाजूने उडाले तर २५० अंशाला, पश्चिम-नैर्ऋत्येकडे तोंड करून असते. नांदेडची धावपट्टी १० आणि २८ अशी, म्हणजे जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि वाऱ्याला सामोरे जाऊनच उतरते.

आता आपली दिशा आहे साधारण ४९ अंश. हिवाळ्यात पूर्वेकडून मंद वारा असलेल्या दिवशी विमान कोल्हापूरहून ०७ च्या बाजूने उडते, डावीकडे थोडेसे वळते आणि मार्गाला लागते. नांदेडला ते नैर्ऋत्येकडून येते आणि १० च्या बाजूने जवळजवळ समोरच उतरते. सगळे कसे वाटेवरच आहे. पावसाळ्यात मात्र पश्चिमेचा वारा जोरात असतो. त्या दिवशी विमान आधी उलट दिशेला, राधानगरीच्या डोंगरांकडे तोंड करून उडते, उंची घेते आणि मग जवळजवळ पूर्ण वळसा घालून ईशान्येला लागते. नांदेडला पोहोचल्यावरही त्याला थेट उतरता येत नाही. विमानतळाच्या पुढे पूर्वेला जाऊन, मागे वळून, पश्चिमेकडे तोंड करून २८ च्या बाजूने उतरावे लागते. हे दोन वळसे मिळून अंतर कित्येक किलोमीटरने वाढते आणि वेळ पाच-सात मिनिटांनी वाढतो. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला नांदेड शहर मागे जाताना दिसते आणि विमान उतरले कसे नाही म्हणून त्याचा जीव वरखाली होतो. त्यात घाबरण्यासारखे काहीही नसते.

या सगळ्यासाठी हिशेबात सरळ अंतरावर पाच ते आठ टक्के वाढ धरावी. आपल्या जोडीसाठी ती धरून ४५५ किलोमीटर हा आकडा पुढे वापरू.

चौथी पायरी: विमान कोणते आहे?

लहान विमानतळांवर मुख्यतः दोन प्रकारची विमाने येतात. एटीआर ७२ हे पंख्याचे विमान असते. त्यात सत्तरच्या आसपास आसने असतात आणि ते ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जाते. एम्ब्राएर १७५ हे छोटे जेट असते. त्याचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास असतो. कोणत्या दिवशी कोणते विमान आहे हे तिकीट काढतानाच उड्डाणाच्या तपशिलात लिहिलेले असते. लहान धावपट्टीवर मोठे विमान उतरू शकत नाही. कोल्हापूरची धावपट्टी पूर्वी १३७० मीटरच होती आणि ती वाढवल्यानंतर मोठ्या विमानांसाठी वाट मोकळी झाली.

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळते असे आपण धरून चालतो. पण विमान पूर्ण वेगाने जाते ते फक्त मधल्या टप्प्यात. एटीआरला वर चढायला साधारण १६ मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ते ९० किलोमीटर जाते. खाली येऊन धावपट्टीला लागायला १८ मिनिटे आणि १०५ किलोमीटर लागतात. उरलेले २६० किलोमीटर पूर्ण वेगाने ३१ मिनिटांत होतात. बेरीज ६५ मिनिटे झाली. दोन्हीकडे जमिनीवर चालायला पाच-पाच मिनिटे धरली की ब्लॉक टाइम ७५ मिनिटे, म्हणजे सव्वा तास येतो.

जेटचा हिशेब असाच करू. चढायला १६ मिनिटे आणि १५० किलोमीटर, उतरायला २० मिनिटे आणि १७० किलोमीटर, मधले १३५ किलोमीटर १० मिनिटांत. हवेतला वेळ ४६ मिनिटे आणि ब्लॉक टाइम ५६ मिनिटे झाला. जेटचा वेग दीडपटीहून जास्त असला, तरी बचत जेमतेम वीस मिनिटांची झाली, कारण एवढ्याशा अंतरात त्याला पूर्ण वेगाने पळायला जागाच मिळत नाही. तिकीट निवडताना केवळ जेट आहे म्हणून दीड-दोन हजार रुपये अधिक मोजण्यापूर्वी ही वीस मिनिटे आठवावीत.

झटपट अंदाजासाठी एक ठोकताळा वापरता येतो. सरळ अंतराला विमानाच्या वेगाने भागावे आणि आलेल्या वेळेत पंचवीस मिनिटे मिळवावीत. ४२६ ला ५०० ने भागले तर ५१ मिनिटे येतात; त्यात २५ मिळवली की ७६ झाली. जेटसाठी ३२ आणि २५ मिळून ५७ झाली. सविस्तर हिशेबापेक्षा एका मिनिटाचाच फरक पडतो.

वाऱ्याचा परिणाम मात्र वेगळा धरावा लागतो. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेकडून वारे वाहतात. ताशी ८० किलोमीटरचा पश्चिमेचा वारा आपल्या ईशान्येकडच्या मार्गावर साधारण ६० किलोमीटरची मदत करतो, आणि परतीच्या वाटेवर तेवढाच अडसर करतो. एटीआरचा मधला टप्पा जाताना २८ मिनिटांत होतो आणि येताना त्याला ३५ मिनिटे लागतात. म्हणून नांदेडला जातानाच्या आणि परत येतानाच्या छापील वेळांत पाच-दहा मिनिटांचा फरक दिसला, तर तो छपाईचा दोष समजू नये.

पाचवी पायरी: तिकिटावरची वेळ वाचणे

तिकिटावर सकाळी दहाची वेळ असेल तर दहाला विमान जागेवरून हलते, हवेत नंतर जाते. बहुतेक लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर असा वेगळा टॅक्सी-मार्ग, म्हणजे विमानाला जमिनीवर चालायची वाट, नसतो. विमानाला धावपट्टीवरूनच एका टोकाला चालत जावे लागते, तिथे गर्रकन वळावे लागते आणि मग धाव घ्यावी लागते. दोन किलोमीटरच्या आसपासच्या धावपट्टीवर यात तीन-चार मिनिटे जातात. दुसरे विमान उतरणार असेल तर तोवर थांबावे लागते. याउलट गर्दी नसल्यामुळे रांगेत उभे राहण्याचा प्रश्न फारसा येत नाही. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळाकडे जाणाऱ्या उड्डाणांच्या छापील वेळेत मात्र घिरट्यांसाठी जादा मिनिटे आधीच धरलेली असतात. त्यामुळे कोल्हापूर-मुंबई हे अंतर ३०९ किलोमीटरच असूनही तिकिटावरची वेळ ठोकताळ्यापेक्षा जास्त दिसू शकते.

छापील वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पाहायचा असेल, तर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर उड्डाणाचा क्रमांक टाकून मागच्या आठवड्याची नोंद पाहावी. प्रत्येक दिवशी विमान केव्हा उडाले आणि केव्हा उतरले हे तिथे कळते. एका दिवसाचा आकडा धरू नये. पाच-सहा दिवसांतला मधला आकडा धरावा.

ब्लॉक टाइमला नियमांतही महत्त्व आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार, कंपनीने वेळेत न कळवता आपल्या कारणाने उड्डाण रद्द केले तर भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये आणि एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळते. म्हणजे याच मार्गावर जेट आणि एटीआर दोन वेगळ्या गटांत पडू शकतात. खराब हवामानामुळे रद्द झालेल्या उड्डाणाला ही भरपाई लागू नसते, पण पैसे परत किंवा पर्यायी उड्डाण यांवरचा हक्क तरीही राहतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. काउंटरवर हे शांतपणे आणि नियमाचा उल्लेख करून मागावे.

सहावी पायरी: थेट विमान नसेल तेव्हा

लहान विमानतळांवरच्या सेवा वारंवार बदलतात. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, नव्याने लागू होते आणि त्या वेळी एखादी सेवा सुरू होते, बंद होते किंवा तिचे वार बदलतात. लहान शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेतली पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ ला सुरू झाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे उड्डाण होते. पण तेव्हापासून नांदेडने सेवा खंडित होतानाही पाहिल्या आहेत. म्हणून प्रवासाच्या महिन्याचे वेळापत्रक कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावे आणि आठवड्याचे सातही वार तपासावेत, कारण अशा मार्गांवर विमान रोज असतेच असे नाही.

थेट विमान नसेल तर मधले शहर निवडावे लागते. इथे नकाशा पुन्हा कामी येतो. हैदराबादमार्गे गेले तर ४४५ आणि २४६ मिळून ६९१ किलोमीटर होतात. मुंबईमार्गे ३०९ आणि ४६७ मिळून ७७६ होतात. नागपूरमार्गे ७०२ आणि २७९ मिळून ९८१, तर बेंगळुरूमार्गे ५३२ आणि ६६७ मिळून जवळजवळ १२०० किलोमीटर होतात. हैदराबादचा मार्ग सर्वांत जवळचा असला, तरी तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. कारण शंभर किलोमीटर जास्तीचे अंतर दहा-बारा मिनिटांत कापले जाते, पण मधला थांबा दीड तासाचा आहे की सहा तासांचा यावर दिवस ठरतो.

थांब्याबाबत माझा अनुभव सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी भाचीच्या बारशाला जाताना स्वस्त पडते म्हणून मी दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे काढली होती. मध्ये पावणेदोन तास होते. पहिले विमान पन्नास मिनिटे उशिरा निघाले. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी उभे राहावे लागले, बॅग घेऊन बाहेर येऊन पुन्हा प्रवेशद्वारापासून सुरुवात करावी लागली, आणि काउंटरवर पोहोचलो तेव्हा तो बंद होऊन बारा मिनिटे झाली होती. दुसरी कंपनी नियमाने बरोबर होती. दोन तिकिटे स्वतंत्र असली की पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्याचा काही संबंध राहत नाही आणि दुसरे भाडे बुडते. बारशाला मी पोहोचलो ते रात्रीच्या बसने, दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळणा हलवून झाल्यावर.

तेव्हापासून मी नियम केला आहे. दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, असतील तर दीड तास पुरेसा मानावा. अशा वेळी सामान थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जाणार ना, हे कोल्हापूरच्या काउंटरवरच विचारून घ्यावे आणि बॅगेच्या चिठ्ठीवर एनडीसी ही अक्षरे स्वतः वाचावीत. तिकिटे स्वतंत्र असतील तर किमान चार तास ठेवावेत, आणि त्या दिवसाचे शेवटचे विमान दुसऱ्या टप्प्यासाठी कधीही घेऊ नये.

सातवी पायरी: उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

आता सगळे आकडे एकत्र करू. थेट एटीआर आहे असे धरले तर कोल्हापूर शहरातून उजळाईवाडीला २५ मिनिटे, विमानतळावर दीड तास आधी पोहोचणे, विमानाचा ७५ मिनिटांचा ब्लॉक टाइम, सामान घेऊन बाहेर यायला २० मिनिटे आणि नांदेड शहरात जायला २० मिनिटे लागतात. बेरीज २३० मिनिटे, म्हणजे तीन तास पन्नास मिनिटे होते. त्यातला हवेतला वेळ ६५ मिनिटांचाच आहे. बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होतात, म्हणून लहान विमानतळावर रांग नसली तरी दीड तासाची अट सैल करू नये.

हैदराबादमार्गे, अडीच तासांच्या थांब्यासह, हाच हिशेब असा होतो: २५ आणि ९० मिनिटे, कोल्हापूर-हैदराबाद ८०, थांबा १५०, हैदराबाद-नांदेड ६०, आणि शेवटची ४० मिनिटे. बेरीज ४४५ मिनिटे, म्हणजे जवळजवळ साडेसात तास. मोटारीने, जेवणाखाण्यासह, नऊ ते दहा तास लागतात. म्हणजे थांब्याच्या विमानाने दीड ते अडीच तास वाचतात, आणि थांबा पाच तासांचा झाला की तेही वाचत नाहीत. चार माणसांचे कुटुंब असेल तर अशा वेळी मोटार किंवा रात्रीची गाडीच शहाणपणाची ठरते असे माझे स्पष्ट मत आहे. एकटा माणूस असेल, गुडघे दुखणारे वडीलधारे असतील किंवा त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचायचे असेल, तर उत्तर बदलते.

घर शहरात नसेल तर हिशेब आणखी बदलतो. चंदगडकडच्या माणसाने कोल्हापूरबरोबर बेळगावचा सांबरा विमानतळही पडताळावा. पलीकडे उदगीर किंवा देगलूरला जायचे असेल तर नांदेडबरोबर बिदरही पाहावे. किनवटला जाणाऱ्याला नांदेडहून पुढे शंभराहून अधिक किलोमीटर जायचे असतात, तेव्हा शेवटच्या वीस मिनिटांच्या जागी तीन तास लिहावे लागतात. हे शेवटचे टप्पे कागदावर न मांडल्यामुळेच ‘विमानाने गेलो तरी दिवस गेला’ अशी तक्रार ऐकू येते.

प्रवासाच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

जून ते सप्टेंबरमध्ये या हिशेबाच्या प्रत्येक ओळीला ताण पडतो. ढग खाली आले आणि धावपट्टी ठरावीक अंतरावरून दिसली नाही, तर वैमानिक उतरत नाही. तो काही वेळ घिरट्या घालतो आणि मग दुसऱ्या विमानतळाकडे वळतो. शिवाय लहान विमानतळ चोवीस तास चालू नसतात. एकच विमान दिवसभर एकामागून एक उड्डाणे करते; सकाळच्या पावसामुळे या साखळीतले पहिले उड्डाण दोन तास लांबले, तर संध्याकाळचे उड्डाण विमानतळाच्या कामकाजाच्या वेळेबाहेर जाते आणि सरळ रद्द होते. त्यामुळे पावसाळ्यात दिवसातले शक्य तितके पहिले विमान घ्यावे, आणि लग्न, परीक्षा किंवा शस्त्रक्रिया असेल तर एक दिवस आधी निघावे.

सकाळी घरातून निघण्यापूर्वी आपले विमान आत्ता कुठे आहे हे पाहावे. लहान विमानतळावर विमान रात्री मुक्कामाला सहसा नसते. ते दुसरीकडून येते, पंचवीस-तीस मिनिटांत प्रवासी उतरवून-चढवून पुढे निघते. फ्लाइटरडार२४ वर आपल्या उड्डाणापुढे विमानाचा व्हीटी ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसला की त्यावर बोट ठेवावे, म्हणजे आधीचे उड्डाण उघडते. ते विमान आधीच्या गावाहून निघालेच नसेल, तर तिकिटावरची वेळ काहीही असो, आपले विमान त्यानुसारच उशिरा येणार हे कंपनीचा संदेश येण्याच्या आधीच कळते. तरीही विमानतळावर वेळेवरच पोहोचावे, कारण काउंटर छापील वेळेनुसार बंद होतो. फोन मात्र नांदेडला लगेच करावा आणि न्यायला येणाऱ्याला सांगावे की विमान आधीच्या गावाहून हवेत गेले की पुन्हा कळवतो, तोवर घरातून निघू नका.